धबधब्याची वाट कोणाची?



पाऊस लागला की जव्हारच्या घाटात गाड्यांची रांग लागते. शनिवार-रविवारी तर विचारू नका. मुंबई, ठाणे, वसई, नाशिक, वापी, सिल्वासा, सगळीकडून लोक येतात. कोणी लेंडी नदीवरचा दाभोसा बघायला येतो, कोणी काळमांडवीला जातो. डांबरी रस्ता संपला की गाडी लावायची, पायवाटेने थोडं चालायचं, पाणी बघायचं, भिजायचं, फोटो काढायचे आणि दिवस मावळायच्या आत परत निघायचं.

यात वाईट काही नाही. तीनशे फुटांवरून पडणारं पाणी बघून कोणाचंही मन भरतं. आपली पोरंसुद्धा पहिला पूर आला की बघायला पळतातच.

पण ह्या सहलीबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यातला एक शब्द आम्हाला टोचतो. म्हणतात, इथलं रान निर्जन आहे. निर्जन म्हणजे जिथे माणूसच नाही. ज्या रानात माणूस नाही, त्या रानावर हक्क कोण सांगणार? मग ते रान ज्याच्या हातात कागद त्याचं. आज कौतुकाने लिहिलेला हा शब्द उद्या आपल्याच दाव्याच्या आड येईल. म्हणून ह्या खेपेला पत्रकात धबधब्यावर लिहितो आहोत. कोणाला वाटेल, जमिनीचे दावे पडून आहेत, रेशन नीट मिळत नाही, रोजगार हमीची मजुरी थकली आहे, आणि ह्यांना धबधबा कुठून सुचला? पण धबधब्याची वाट आणि आपल्या प्लॉटची वाट एकच आहे. ते कसं, हेच सांगायचं आहे.

तीच वाट आपण चालू

पाहुणा ज्या वाटेने अर्धा तास चालतो, त्याच वाटेने आपण चालून बघू. फरक एवढाच की आपण दोन्ही बाजूंना बघत जाऊ.

पहिली तर वाटच. ही कोणी पाडली? सरकारने नाही, कंत्राटदाराने नाही. गुरं नेता-आणता, पाण्याला जाता-येता, गवताचे भारे आणि फाट्याच्या मोळ्या वाहता वाहता आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांनी ती पडली. पायवाट म्हणजे चालण्याचा पुरावा आहे. जिथे वाट आहे तिथे वापर आहे.

थोडं पुढे गेलं की उतारावर नागली आणि वरईचे तुकडे दिसतात. पाहुण्याला ती हिरवी चादर दिसते. फोटोत छान येते. तो आपला प्लॉट आहे. कोणाचा एकसालीचा, कोणाचा बापाच्या काळापासून कसलेला. त्या तुकड्यासाठी दंडाच्या पावत्या फाडल्या, कोर्टाच्या तारखा झाल्या, उभं पीक मोडलेलं पाहिलं. त्या पावत्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन आपण कसत होतो हे त्याच पावत्या सांगतात. दंड केला म्हणून पुरावा झाला.

पुढे मोह लागतो. फाल्गुन-चैत्रात ह्याच झाडाखाली पहाटे बाया-पोरं फुलं वेचतात. पुढे बियांचं तेल निघतं. वाटेच्या कडेला पावसाच्या तोंडाला शेवळं उगवतात, मग कोळीची भाजी, मग कर्टुली, मग बांबूचे कोंब. दिवाळीनंतर कंद. पाहुण्याच्या पायाखाली आपली भाजी असते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मग देवाची जागा येते. कुठे वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडाची फळी, कुठे डोहाच्या काठाला आसरांचं ठिकाण. तिथे चपला काढतात, तिथलं झाड तोडत नाहीत. पाहुण्याला तो नुसता दगड दिसतो. कोणी त्यावर बसून डबा खातो, कोणी बाटली ठेवतो.

शेवटी डोह. पाणी पडतं त्याच्या खाली आणि पुढे नदीच्या वळणांवर आपले मासे, खेकडे. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात तेव्हा कोणत्या जागी जाळं लावायचं, कोणती जागा सोडायची, हे प्रत्येक पाड्याला माहीत असतं. उन्हाळ्यात गुरं ह्याच डोहावर पाणी पितात.

वाट इथे संपते, पण गोष्ट संपत नाही. धबधब्याच्या वर बघा. पाणी वरून पडतं, पण त्याच्याही वर ते धरून ठेवलेलं असतं. आपल्या डोंगरात काळ्या पाषाणाचे थर आहेत. त्यावर मातीचा थर पातळ. झाडं, गवत, पालापाचोळा असेल तर पाऊस मुरतो आणि नंतर झिरपत झिरपत नदीला येतो. वरचं रान उघडं झालं तर चार दिवस लोंढा येतो, माती वाहून जाते आणि धार लवकर आटते. म्हणजे धबधबा राखायचा तर माथ्यावरचं रान राखावं लागतं. खाली कठडा बांधून तो राखला जात नाही.

आता कायद्याकडे या. वनहक्काच्या नियमांत, नियम १३ मध्ये, सामूहिक दाव्यासाठी काय काय पुरावा चालतो ते लिहिलं आहे. गुरचरणाची जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायची जागा, चाऱ्याची जागा, मासेमारीची ठिकाणं, माणसांचं आणि गुरांचं पाणी, औषधी झाडपाला, पवित्र झाडं, देवराया, डोह आणि नदीकाठ, मसणवटी. वाचून बघा. धबधब्याच्या अर्ध्या तासाच्या वाटेवर यातलं जवळजवळ सगळं आहे! ज्याला सहलीची वाट म्हणतात, ती आपल्या दाव्याची फाइल आहे. आपल्याला ती फक्त उघडून दाखवायची आहे.

एकाच वाटेची दोन नावं

१९२७ चा वन कायदा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाचून नाही, सोसून पाठ आहे. त्यातल्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं, नियम मोडून मासे मारणं हे सगळे गुन्हे लिहिले आहेत. ह्या कलमाच्या भीतीने आपल्या बाया मोळी टाकून पळाल्या. कोंबडी दिली, तूप दिलं, वेठ केली.

त्याच रानात, त्याच वाटेवर आता बाहेरचा माणूस गाडीतून उतरून जातो तेव्हा त्याला निसर्ग पर्यटन म्हणतात. आपण गेलो तर अतिक्रमण, तो गेला तर पर्यटन. आपण फांदी तोडली तर पंचनामा, त्याने वाटेवर बाटल्या फोडल्या तर पाहुणा. आमचं म्हणणं असं नाही की त्यालाही गुन्हेगार करा. आमचं म्हणणं एवढंच की ज्या रानाची वाट त्याच्यासाठी उघडी आहे, ते रान आपलं आहे हे आधी कागदावर माना.

रस्त्याचंही तसंच. धबधब्यापर्यंत गाडी जावी म्हणून रस्त्याची मागणी लवकर वर पोचते. पलीकडच्या पाड्यावरची बाळंतीण मात्र अजून झोळी करून खांद्यावर आणावी लागते. तिच्या रस्त्याला वनजमीन आडवी येते म्हणतात. मग धबधब्याच्या रस्त्याला ती का येत नाही?

आणि पाणी? आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन डवऱ्यातलं पाणी वाटीवाटीने भरतात. मुंबईने १८९२ साली तानसाचं पाणी नेलं, १९५७ साली मोडकसागरचं नेलं, पुढे वरची वैतरणा, भातसा. धरणं झाली, पाइप गेले, आणि पाइपाच्या शेजारचा पाडा कोरडा राहिला. जो पाहुणा पावसाळ्यात आपलं पाणी बघायला येतो, तो वर्षभर घरी नळाला आपल्याच डोंगरांचं पाणी पितो. हे त्याला आपण सांगितलं पाहिजे. भांडून नाही, सांगून. समजणारी माणसं शहरातही आहेत.

आपला तालुका बाहेरच्यांना दोनच गोष्टींनी माहीत आहे. एक, धबधबे आणि थंड हवा. दुसरी, १९९२-९३ साली वावर-वांगणीला गेलेली लहान पोरं. दोन्ही एकाच मातीतलं आहे. पाणी भरपूर असून पोट रिकामं का, हा प्रश्न धबधब्यासमोर उभं राहून विचारला तरच त्याला अर्थ आहे.

रोजगाराचं काय?

आता पलीकडची बाजू. आपले तरुण म्हणतात, "तुम्ही कायद्याचं बोलता, आम्हाला रविवारी दोन पैसे मिळतात ते तरी मिळू द्या." त्यांचं बोलणं खोटं नाही. गाड्या लावून घ्यायच्या, मक्याची कणसं भाजायची, भजी-चहा करायचा, वाट दाखवायची, यात काही घरांना पावसाळ्यात हातखर्च सुटतो. पावसाळा म्हणजे घरातलं धान्य संपायचे दिवस. त्या दिवसांत आलेला पैसा हलका समजू नये.

पण हिशोब पुरा करा. हे काम तीन-चार महिन्यांचं. ते झालं की तीच पोरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, नाहीतर रेतीवर जातात. धबधब्याने स्थलांतर थांबलं असं एकाही पाड्यावर आम्हाला दिसलं नाही. प्लॉटवर बांध पडला, विहीर झाली, दुसरं पीक आलं, मोगऱ्याची चार रोपं लागली, तिथे मात्र घरं थांबलेली दिसतात. म्हणून पर्यटन हे वरकड उत्पन्न आहे. त्याच्यावर संसार उभा राहील असं कोणी सांगत असेल तर त्याला विचारा, एप्रिल महिन्यात काय खायचं?

आणि खरा पैसा कणसात नसतो. तो जागेत असतो. धबधब्याचं नाव झालं की आजूबाजूच्या मालकी जमिनीला गिऱ्हाईक येतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने बंदी आहे. पाच वर्षांपर्यंत भाड्याने किंवा गहाण द्यायची तरी कलेक्टरची परवानगी लागते. विक्रीला तर वर सरकारची मंजुरी लागते. म्हणून आता वाट वेगळी काढतात. कागद आदिवासीच्याच नावावर, पैसा दुसऱ्याचा. किंवा नुसता करारनामा, स्टॅम्पवर, नव्व्याण्णव वर्षांचा. पाड्यावरच्याच एखाद्याला पुढे करतात, त्याला मोटारसायकल घेऊन देतात. साथींनो, अशा कागदावर अंगठा देऊ नका, सही करू नका. कागद आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. जो कागद ग्रामसभेत वाचायला नको म्हणतो, त्याच्यात काहीतरी आहेच असं समजा.

पावतीपुस्तक कोणाच्या हातात?

काही ठिकाणी असं होतं की पायऱ्या होतात, कठडा होतो, फाटक लागतं आणि तिकीट सुरू होतं. तिकिटाला नाव असतं उपद्रव शुल्क. नाव मोठं खरं आहे. येणाऱ्यांचा उपद्रव होतो हे सरकारनेच मान्य केलं. पण उपद्रव सोसायचा पाड्याने, आणि शुल्काच्या खात्यावर सही कोणाची?

इथे दोन समित्यांमधला फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण दोन्हीची नावं ऐकायला सारखी लागतात.

एक आहे संयुक्त वनव्यवस्थापन समिती. ही सरकारी ठरावाने झालेली. गावचे लोक तिच्यात असतात, पण सचिव खात्याचा माणूस असतो. त्याच्याशिवाय बँकेतला पैसा हलत नाही. ही समिती सरकारच्या रानात गावाला मदतनीस म्हणून धरते.

दुसरी आहे ग्रामसभेची समिती. वनहक्क नियमांच्या नियम ४ प्रमाणे, कलम ५ ची कामं करायला ग्रामसभा आपल्यातूनच ती निवडते. सचिव आपला, ठराव आपला, हिशोब ग्रामसभेपुढे. २०१२ साली नियम सुधारले तेव्हा ह्या समितीला रानाचा आराखडा करायचंही काम दिलं. इथे रान गावाचं असतं आणि गाव मालकासारखं ठरवतं.

पहिली समिती आपल्याला तिकीट फाडायचा रोज देते. दुसरी तिकीट असावं की नसावं हे ठरवायचा हक्क देते. रोज आणि हक्क यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. शेटाच्या शेतात राबलो ते रोजावर, आणि लढलो ते हक्कासाठी.

म्हणून आमचं मत साधं आहे. आधी दावा, मग तिकीट. सामूहिक वनहक्काचा दावा ज्या गावाने घातलेला नाही, त्या गावाने धबधब्याच्या कुठल्याही योजनेला हो म्हणू नये. एकदा फाटक उभं राहिलं, पाटी लागली, की "ही जागा पर्यटनाची" असं कागदावर चढतं. मग त्याच जागेवर दावा घातला की मोजणीला आलेला माणूस म्हणेल, इथे तर गावाचा वापर दिसत नाही.

कायदा काय म्हणतो

कायद्याचं नाव लांब आहे, आपण त्याला वनहक्क कायदा २००६ म्हणतो. त्यातली चार कलमं धबधब्याजवळच्या प्रत्येक पाड्याने पाठ करावीत.

कलम ३(१): वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं, मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न, गुरचरण, आणि परंपरेने राखलेलं सामूहिक रान राखणं, वाढवणं, सांभाळणं, हे सगळे हक्क आहेत. मेहेरबानी नाही.

कलम ३(२): गावाच्या सोयीसाठी वनजमीन कशाला देता येते त्याची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज-टेलिफोनच्या तारा, तळी, पिण्याचं पाणी, पाणी अडवणं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, शिक्षण-कौशल्य केंद्र, रस्ता, समाजमंदिर. एकूण तेरा. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ह्या तेरांत हॉटेल नाही, तंबूचा मुक्काम नाही, काचेचा पूल नाही. उद्या कोणी येऊन म्हणाला की गावाच्या विकासाचं काम आहे, तर त्याला तेरातला आकडा विचारा.

कलम ४(५): दाव्याची तपासणी पुरी होत नाही तोवर वनजमिनीवरून कोणालाही काढता येत नाही. पार्किंगसाठी जागा मोकळी करा, असं तोंडी सांगितलं तरी हेच उत्तर.

कलम ५: हे सगळ्यात कामाचं. रान, जनावरं, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला. पाण्याचे उगम आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला. आपल्या संस्कृतीला आणि रानाला नुकसान होईल असं काही होऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेला. आणि सामूहिक रानात कोणी कसं यायचं हे ठरवून, नुकसानीचं काम थांबवायचा जो ठराव ग्रामसभा करील, तो पाळला जाईल हे बघायचा अधिकारही ग्रामसभेलाच.

म्हणजे कोणी, किती जणांनी, कोणत्या वेळी, कुठपर्यंत यायचं हे ठरवायला आपण पाड्यावर बसलो तर ती दादागिरी होत नाही. ते कायद्याचं काम आहे. लोक म्हणतील, असं कुठे झालंय का? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली आपल्या रानाचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचं पासबुक स्वतःच्या हातात घेतलं. ओडिशात नियमगिरी डोंगरावर कंपनीला बॉक्साइट काढायचं होतं. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, डोंगर त्यांचा देव आहे, तर त्यांच्या ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बाराही नाही म्हणाल्या. देवाच्या जागेबद्दल बोलायचा अधिकार गावाचा आहे, हे त्या डोंगरावर ठरलं. आपला डोह लहान असेल, पण कायदा तोच आहे.

बंद करायचं की उघडं ठेवायचं?

आपल्यात दोन मतं आहेत. काही म्हातारी माणसं म्हणतात, वाट बंद करा, आसरा कोपतात. काही तरुण म्हणतात, येऊ द्या सगळे, पैसा येतो. आम्हाला दोन्ही पुरी पटत नाहीत.

बंद करायला आपण कोणाचे शत्रू नाही. पाड्यावर आलेल्याला पाणी विचारायची आपली रीत आहे. शहरातल्या माणसाने आपलं रान बघावं, आपली माणसं बघावीत, यात आपलाही फायदा आहे. उद्या ह्याच रानावर धरण किंवा खाण आली तर ज्याने ते पाहिलं आहे तोच आपल्या बाजूने बोलेल.

आणि सगळं उघडं ठेवायला ते रान मोकळं पडलेलं नाही. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे माणूस बुडतो. दारू पिऊन डोहात उतरतो, शेवाळावरून घसरतो, किंवा वर पाऊस झाला हे त्याला कळत नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली की बाहेर पडायचं, हे आपल्या लहान पोराला कळतं. पाहुण्याला कोण सांगणार? मग डोहात उतरून मढं काढायला आपलीच पोरं. त्यांना ना रोज, ना विमा, वर जबाबाला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. दोन-चार बुडाले की वरून हुकूम येतो, धबधब्यावर जायला बंदी. त्या हुकमाने पाहुणा तर थांबतो, पण गुरं घेऊन जाणारा आपला माणूसही अडवला जातो. हुकूम काढणाऱ्याने ग्रामसभेला विचारलं असतं तर पाहुण्याची वाट आणि गावाची वाट वेगळी करता आली असती.

म्हणून नियम गावाने करावेत. आमच्या मते ते असे असू शकतात. गाड्या पाड्याच्या बाहेर लावायच्या. दारू आणि काचेची बाटली बंद, प्लास्टिक आणलं तर परत न्यायचं. देवाच्या जागेच्या अलीकडे थांबायचं. डोहात उतरायचं नाही, पाणी लांबून बघायचं. बाया पाण्यावर असतील तिथे कॅमेरा काढायचा नाही. वाट दाखवायला गावचा माणूस बरोबर, त्याचा दर ग्रामसभेने ठरवलेला. संध्याकाळच्या आत परत. शुल्क घ्यायचं तर ग्रामसभेच्या खात्यात, आणि त्यातून पहिला खर्च माथ्यावरच्या रानाच्या राखणीचा, दुसरा पाड्याच्या पिण्याच्या पाण्याचा.

आणि हे नियम आपल्यालाही लागू. कुठे कुठे आपलीच काही पोरं झटपट मासे मिळावेत म्हणून डोहात पावडर टाकतात. एका रात्रीत लहान पिल्लंसुद्धा मरतात आणि खालच्या पाड्याचं पाणी बिघडतं. पाहुण्याला बाटलीबद्दल बोलायचं आणि पावडरीबद्दल गप्प बसायचं, असं चालणार नाही. राखण करणाऱ्याचंच रान, हे आपण म्हणतो. मग राखण दिसली पाहिजे.

आता काय करायचं

एक. पाड्याची ग्रामसभा बोलवा. वनहक्कांच्या ठरावाला निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. बायांना नुसतं सहीपुरतं बोलवू नका. पाण्याची आणि भाजीची वाट त्यांना जास्त माहीत आहे.

दोन. म्हाताऱ्या माणसांना घेऊन शीव फिरा. धबधबा, डोह, देवाची जागा, गुरचरण, मसणवट, मोहाची झाडं, सगळ्याची नावं लिहा. प्रत्येक वळणाला आपल्या बोलीत नाव आहे, ते आहे तसंच लिहा. सहलीच्या पाटीवरचं नाव लिहू नका. हाताने काढलेला नकाशाही चालतो.

तीन. धबधबा बहुतेक वेळा दोन-तीन पाड्यांच्या शिवेवर असतो. शेजारच्या ग्रामसभांशी आधी बसा, आपसात ठरवा आणि लिहून घ्या. नदीच्या दोन काठांवरचे पाडे भांडले की फाटक तिसराच लावतो.

चार. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब हा नियम १३ प्रमाणे पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. ही माणसं आज आहेत, पुढच्या पावसाळ्यात असतील असं नाही.

पाच. २०१२ च्या सुधारित नियमांत सामूहिक रानाच्या दाव्याचा वेगळा नमुना दिला आहे. तो भरा, ठरावासह उपविभागीय समितीकडे द्या आणि पोच घ्या. पोच नाही तर दावा नाही असं समजा. नामंजूर केला तर कारण लेखी मागा. साठ दिवसांच्या आत अपील करता येतं.

सहा. पर्यटनाच्या कोणत्याही कामाला ना हरकत दाखला मागायला कोणी आलं, मग तो सरपंच असो की साहेब, तर ठराव एकच: आमच्या सामूहिक हक्काचा निकाल आधी द्या, मग ह्यावर बोलू.

साथींनो, पाहुणा अर्धा तास चालतो, पाणी बघतो आणि जातो. त्याचं त्या जागेशी नातं तेवढंच, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपलं नातं बारा महिन्यांचं आहे. पावसात वाहणाऱ्या पाण्याशी आहे तसं चैत्रात आटलेल्या डवऱ्याशीही आहे. जे बारा महिने राहतात त्यांनी ठरवावं आणि जे अर्धा तास येतात त्यांनी ते पाळावं, एवढीच आपली मागणी आहे. हा अंक पाड्यावर वाचून दाखवा, आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या वाटेवरच्या ठिकाणांची यादी लिहून आणा.

आधी दावा, मग तिकीट!
जल, जंगल, जमीन आमची!
जोहार!